पैसे मिळाले म्हणजे गाडी विकली असं नाही

जुनी मोटारसायकल विकायची म्हटलं की घरात पहिली चर्चा होते ती भावाची. किती येतील, शेजाऱ्याच्या गाडीचे किती आले, शोरूमवाला एक्स्चेंजमध्ये किती देतोय. भाव महत्त्वाचा आहेच, पण त्यात चुकलात तर दोन-चार हजारांचं नुकसान होतं आणि माणूस ते विसरतो. कागदात चुकलात तर नुकसान किती होईल आणि किती वर्षांनी समोर येईल, हे सांगता येत नाही. म्हणून या लेखात भावापेक्षा कागदांबद्दल जास्त लिहिलं आहे, आणि ते मुद्दाम.

आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ओळखीतल्या ओळखीत सौदा ठरतो, पैसे हातात पडतात, विकणारा फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्या करतो, आरसी आणि आधारची झेरॉक्स देतो, किल्ली देतो. घेणारा म्हणतो, "नावावर मी करून घेतो, तुम्ही काळजी करू नका." त्याचा हेतू वाईट असतो असंही नाही. पण आज जातो, उद्या जातो करत सहा महिने निघून जातात, मग तो स्वतःच ती गाडी त्याच कोऱ्या सह्यांच्या फॉर्मसकट तिसऱ्याला विकतो. गाडी तीन हात फिरते आणि सरकारच्या दफ्तरी मालक मात्र तुम्हीच राहता.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या सरळ आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो मालक. याचा अर्थ किती कडक लावला जातो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालातून कळतं. एका माणसाने २००७ मध्ये आपली कार विकली. ती पुढे आणखी काही हातांत गेली. २००९ मध्ये तिचा अपघात झाला आणि एकाचा जीव गेला. नोंदणी अजून पहिल्याच माणसाच्या नावावर होती. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली, कारण अपघातात सापडलेल्या कुटुंबाने गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत बसावं, अशी अपेक्षा करता येत नाही. मला हा निकाल न्याय्य वाटतो. ज्याचं माणूस गेलं त्याला दफ्तरात एक नाव तरी पक्कं सापडलं पाहिजे. पण ते नाव तुमचं असू नये, याची तजवीज तुम्हालाच करायची आहे. मोटारसायकललाही नियम तोच.

तेव्हा जाहिरात टाकण्याच्या आधी, गाडी धुण्याच्याही आधी, 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर आपल्या गाडीची नोंद उघडून बघा. सगळ्यात आधी मोबाइल नंबर तपासा. आता ट्रान्सफरचा अर्ज ऑनलाइन भरला जातो आणि विकणारा-घेणारा दोघांनाही ओटीपी येतो. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेल्या गाडीच्या नोंदीत तुमचा जुना, बंद पडलेला नंबर असतो, नाहीतर नोंदणीच्या वेळी शोरूमने घातलेला भलताच नंबर. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना हे कळलं तर सौदा तिथेच लटकतो. नंबर बदलायला फार कष्ट नाहीत, पण तो आधी बदलायला हवा.

त्याच नोंदीत कर्जाचा शेरा दिसतो का, ते बघा. हप्ते फिटून चार वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असलेल्या गाड्या खूप आहेत. हप्ते संपले म्हणून शेरा आपोआप जाईलच असं धरून चालू नका. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवून घ्यावा लागतो. बँकेच्या एनओसीला बहुधा मुदत असते, त्यामुळे कपाटात जपून ठेवलेला जुना कागद चालेलच असं नाही, नवा मागावा लागतो. ई-चलनाचं तेच. सिग्नलच्या कॅमेऱ्याने टिपलेले, तुम्हाला पत्ताच नसलेले दंड निघतात, आणि ते भरल्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही. गाडीची नोंदणी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलेली हवी, नाहीतर आरटीओत काम अडतं. पीयूसी चालू हवी. आणि नोंदणीला १५ वर्षं होत आली असतील तर पुनर्नोंदणी करून विकणार की तशीच विकणार, हे आधी ठरवा. नोंदणी संपलेली गाडी घेणारा निम्म्या भावाने मागतो आणि त्याचं चूक नसतं.

विमा संपलेला असेल तर मात्र एक काम कराच: निदान थर्ड पार्टी विमा काढा. "आता विकायचीच आहे, मग कशाला खर्च?" हा विचार महागात पडतो. ट्रायल घेताना, ताबा देताना, नाव बदलेपर्यंतच्या दिवसांत गाडी रस्त्यावर फिरणारच आहे. त्या काळात काही घडलं आणि विमा नसला, तर वर सांगितलेली जबाबदारी विमा कंपनीवर न जाता थेट तुमच्या खिशावर येते.

आता भाव. शोरूमचा एक्स्चेंज भाव हा तळाचा भाव समजा, कारण त्यात त्यांचा नफा आणि पुढच्या विक्रीचा त्रास धरलेला असतो. दुसरा आकडा तुमच्या विम्याच्या पॉलिसीवर छापलेला असतो, आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. एक ते दोन वर्षांच्या गाडीला नव्या किमतीतून २० टक्के घट, दोन ते तीन वर्षांना ३०, तीन ते चारला ४० आणि चार ते पाचला ५० टक्के, असा तो हिशेब आहे. त्यापुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि ग्राहक आपसात ठरवतात. आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नाही, पण बोलणी सुरू करायला तो चांगला आधार आहे. तालुक्याच्या गावीही सहज दुरुस्त होणाऱ्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला आयडीव्हीच्या वर भाव येतो, आणि स्पेअर पार्ट मिळायला महिना लागणाऱ्या हौशी गाडीला खाली.

एक गोष्ट अलीकडे बदलली आहे आणि विकणाऱ्यांच्या ती लक्षात येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडीच स्वस्त झाली, तेव्हा तुम्ही २०२३ मध्ये किती मोजले होते याला घेणाऱ्याच्या लेखी किंमत उरली नाही. तो आजच्या नव्या गाडीचा भाव बघून बोलणार. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांचं उलट झालं, त्यांवर कर ४० टक्के झाला. तुमच्या गाडीच्या नव्या मॉडेलचा आजचा ऑन रोड भाव काढा आणि मग आपला आकडा ठरवा. दसरा-पाडव्याच्या सुमाराला लोक नव्या गाड्या घेतात आणि जुन्या बाजारात सोडतात, त्या गर्दीत विकण्यापेक्षा महिना-दीड महिना आधी किंवा नंतर विकलेलं बरं.

गाडीवर किती खर्च करायचा? ब्रेक शू, बल्ब, हॉर्न, आरसा, चेनला ताण आणि ऑइल, बॅटरी उतरली असेल तर चार्जिंग, एवढं करा. इंजिन उघडू नका आणि रंग तर मुळीच मारू नका. पूर्ण रंगवलेली जुनी गाडी बघितली की घेणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती अपघाताची. सायलेन्सर बदललेला असेल तर मूळचा परत बसवा. फटाके काढणाऱ्या सायलेन्सरवर दंड होतो, तो घेणाऱ्याच्या माथी कशाला?

ज्याला गाडी कळते असा माणूस आला की तो काय बघतो, ते तुम्हाला आधीच माहीत हवं. तो आल्या आल्या इंजिनला हात लावून बघेल. गरम असेल तर समजेल की थंड इंजिन चालू होताना काहीतरी लपवायचं आहे. म्हणून गाडी आधी चालू करून ठेवू नका, त्याच्यासमोर पहिल्यांदा चालू होऊ द्या. मग तो सायलेन्सरच्या मागे उभा राहील. सकाळच्या गारव्यात क्षणभर पांढुरकी वाफ आली तर ते पाणी असतं. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम आहे. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून तो बोट फिरवेल. बोटाला तेलकट लागलं तर ऑइल सील गेलेलं. मधल्या स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवेल, आणि सरळ रेषेत येताना ते अडकल्यासारखं झालं तर कोनसेट झिजलेला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, '२३१९' म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मीटरवर बारा हजार किलोमीटर आणि गाडीवर तिसरा टायर, असं दिसलं की तो मीटरकडे परत बघणारच नाही. शेवटी तो चेसिस नंबर आरसीशी ताडून बघेल. त्या नंबरवर चिखल आणि गंज बसलेला असतो, ओल्या फडक्याने आधीच पुसून ठेवा. ट्रान्सफरसाठी त्याचा पेन्सिल प्रिंट लागला तर तुमचंच काम सोपं होतं.

यातला जो दोष तुमच्या गाडीत आहे तो आपणहून सांगा. क्लच प्लेट संपत आलीय, गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून डावं फुटरेस्ट वाकलं होतं, जे असेल ते. सांगितलेल्या दोषाचे गिऱ्हाईक पाचशे-हजार कमी करतो. स्वतः शोधून काढलेल्या दोषाचे तो तीन हजार कमी करतो, आणि तुमच्या बाकीच्या बोलण्यावरचा विश्वासही काढून घेतो. शिवाय दोन चाकांवर माणसाचा जीव असतो. ब्रेक किंवा स्टिअरिंगमधला दोष लपवून गाडी देणं हा नुसता सौद्यातला चतुरपणा राहत नाही. सर्व्हिसिंगची बिलं असतील तर ती समोर ठेवा, ती कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त बोलतात.

जाहिरातीत दिवसाउजेडी काढलेले सात-आठ फोटो, मॉडेलचं साल, कितवा मालक, किलोमीटर, विम्याची मुदत आणि भाव, एवढं पुरतं. आरसी किंवा आधारचा फोटो जाहिरातीत किंवा अनोळखी माणसाच्या व्हॉट्सॲपवर कधीही टाकू नका. पुढे झेरॉक्स द्यायची वेळ येईल तेव्हा तिच्यावर आडवं लिहा: "फक्त या क्रमांकाच्या गाडीच्या ट्रान्सफरसाठी", खाली तारीख आणि सही.

जाहिरात पडली की पहिल्या तासात येणाऱ्या फोनांपैकी एखादा ठगाचा असू शकतो. त्याची ओळख पटवायची खूण सोपी आहे: त्याला गाडी बघायचीच नसते. तो म्हणतो, मी लष्करात आहे, ड्युटीवर आहे, गाडी आवडली, भाव मान्य, लगेच ॲडव्हान्स पाठवतो. मग तो एक क्यूआर कोड पाठवतो आणि स्कॅन करून पिन टाका म्हणतो. गणवेशावरच्या लोकांच्या विश्वासाचा हा गैरवापर फार चीड आणणारा आहे. पक्कं लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. फसलात तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नावाने जाहिरात दिली असेल तर हे त्यांना आधी नीट समजावून सांगा.

ट्रायलची वेळ आली की आधी लायसन्स बघा, मूळ, फोटो नव्हे. विनालायसन्स माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकाला कलम १८० खाली ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि समोरचा मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ लागतं: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. कॉलेजात जाणारी पोरं मित्रांना घेऊन येतात आणि "काका, एक चक्कर मारून बघतो" म्हणतात, तेव्हा संकोच करू नका. "वडिलांना घेऊन ये, मग बघू," असं सांगा. मोठं माणूस असलं तरी मागे तुम्ही बसा, किंवा त्याची स्वतःची गाडी आणि तिची किल्ली तुमच्याकडे ठेवून घ्या. ट्रायलला जाणाऱ्या गाडीच्या डिकीत मूळ आरसी राहू देऊ नका.

सौदा ठरला, इसार घेतला, आता खरी गोष्ट. ट्रान्सफरचा सरकारी खर्च मोटारसायकलला काही शे रुपयांचाच आहे. एजंट धरला तरी एकूण रक्कम फार मोठी होत नाही. ती भावात धरा आणि काम घेणाऱ्यावर न सोडता स्वतःच्या डोळ्यांदेखत करून घ्या. अर्ज ऑनलाइन भरून झाला, दोघांचे ओटीपी टाकून झाले, फी भरल्याची पावती निघाली, की मग पैसे पूर्ण घ्या आणि किल्ली द्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख भरलेली असेल तरच करा. "एवढा अविश्वास कशाला?" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की हे दोघांच्या भल्याचं आहे. तेही खरंच आहे, कारण नावावर नसलेल्या गाडीचा विमा, चोरीची तक्रार, पुढची विक्री, सगळंच त्याचं अडणार असतं.

त्याच दिवशी ताबापावती लिहा, दोन प्रतींत. दोघांची नावं, पत्ते, मोबाइल, गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरचा आकडा, किंमत आणि ती कशी दिली, आणि तारखेबरोबर वेळही, मिनिटासकट. संध्याकाळी सहा वाजता दिलेल्या गाडीने साडेसहाला सिग्नल तोडला तर ती वेळच कामाला येते. त्यापुढचे दंड, अपघात, गुन्हे यांची जबाबदारी घेणाऱ्याची, असं स्पष्ट वाक्य घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि घेणाऱ्याचा गाडीसोबत एक फोटो काढा. मात्र या कागदाची मर्यादा ओळखा. तो तुम्हा दोघांतला करार आहे. पोलिसांच्या चौकशीत तो उपयोगी पडेल, घेणाऱ्याकडून पुढे भरपाई मागायलाही पडेल, पण अपघातग्रस्ताचा दावा तो अडवू शकत नाही. तिथे आरसीवरचं नावच बघितलं जातं. पैसे यूपीआय किंवा बँकेतून घेतलेले उत्तम, आणि 'पैसे पाठवले'चा स्क्रीनशॉट न बघता आपल्या खात्यातली शिल्लक बघा. महागडी गाडी असेल तर एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, हेही ध्यानात असू द्या.

घेणारा बेळगावचा, गोव्याचा, म्हणजे दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: एनओसी दिली म्हणजे सुटलो. एनओसी ही फक्त परवानगी आहे. तिकडच्या आरटीओत त्याच्या नावाने नोंद होईपर्यंत गाडी तुमचीच. त्यामुळे असा सौदा करताना माझं मत असं, की शक्यतो आपल्याच जिल्ह्यातला घेणारा बघावा, दोन हजार कमी आले तरी.

वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याला देणार असाल तर तो आरटीओचा अधिकृत विक्रेता आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अधिकृत विक्रेत्याकडे गाडी सोपवताना फॉर्म २९क ऑनलाइन भरला की पुढच्या जबाबदाऱ्या त्याच्याकडे जातात. हा फॉर्म इंग्रजीत ट्वेंटीनाइन-सी म्हणून ओळखला जातो, त्याच नावाने मागा. त्याला तो माहीत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

वडील गेले, त्यांची गाडी अंगणात झाकून ठेवली आहे, ती विकायची, हा प्रसंग अनेक घरांत येतो. गेलेल्या माणसाच्या नावावरून गाडी थेट परक्याच्या नावावर करण्याचा प्रयत्न करू नका, आणि कुणी त्यांच्या सहीचा 'बंदोबस्त करतो' म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा. गाडी आधी वारसाच्या नावावर होते, त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा, असा नियम आहे. त्या दिवसांत कुणाला याचं भान नसतं, उशीर होतो. झाला तरी मार्ग हाच. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीची नोंद करता येते. तुमच्या आत्ता चालू असलेल्या गाडीवर ती करून ठेवली तर मागच्यांचे हेलपाटे वाचतील.

नाव बदललं की विम्याकडे वळा. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. नो क्लेम बोनस मात्र गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो. कंपनीकडून तसं पत्र मागून घ्या, पुढची गाडी तीन वर्षांच्या आत घेतलीत तर त्या विम्यात तो वापरता येतो. पाच वर्षं एकही क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट म्हणजे लहान रक्कम नाही, आणि बहुतेक लोक ती न मागताच सोडून देतात.

हे वाचताना ज्यांना आठवेल की आपण तर दोन-तीन वर्षांपूर्वी नुसत्या सह्या करून गाडी देऊन टाकली, त्यांनी आजच ॲपवर तो जुना नंबर टाकून बघावा. ॲपवर नाव पूर्ण दिसत नाही, पण आपलं आहे की नाही एवढं आद्याक्षरांवरून कळतं. अजून आपलंच असेल तर घेणाऱ्याला फोन करा, गाडी पुढे गेली असेल तर साखळी धरून आजच्या माणसापर्यंत पोचा, आणि ट्रान्सफरचा खर्च स्वतः सोसावा लागला तरी सोसा. माणूस सापडत नसेल तर विकल्याची तारीख आणि घेणाऱ्याचा असेल तेवढा तपशील घालून फॉर्म २९ आरटीओत द्या. कायद्याने ही खबर राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यावर १४ दिवसांत द्यायची असते, पण उशिरा दिलेली खबरही न दिलेल्या खबरीपेक्षा चांगली. एक अर्ज पोलीस ठाण्यात द्या. गाडीचा विमा चालू आहे का ते नोंदीत बघा, संपला असेल तर तेही अर्जात लिहा. दोन्हीकडच्या पोच शिक्क्यानिशी घ्या आणि त्यांचे फोटो काढून ठेवा.